ताणावरच्या लडी

"एवढा एक सुताचा घाणा काढ आणि मग जा," असं काका म्हणाले, तेव्हाच तिने ओळखायला हवं होतं. महिनाभर काकांचा शेवटचा घाणा काही संपत नव्हता. पण बॅग भरून दाराशी ठेवलेली होती, पाचची बस होती, आणि उद्या सकाळी दूरच्या शहरातल्या गिरणीत, सूत तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तिला हजर व्हायचं होतं. उद्या आली नाहीस तर जागा दुसऱ्या मुलीला देऊ, असं तिकडच्यांनी स्वच्छ सांगितलं होतं. निघताना कशाला मन मोडायचं, म्हणून तिने हातमोजे चढवले.

काकांचा कारखाना म्हणजे एक पत्र्याची शेड, कॉस्टिक सोड्याच्या पाण्याची टाकी आणि दोन रुळांचं म्हातारं यंत्र. सुताच्या लडी रुळांवर चढवायच्या आणि कॉस्टिकमध्ये बुडवायच्या. कॉस्टिक लागलं की सूत फुगतं आणि आकसायला बघतं. नेमकं तेव्हाच चाक फिरवून रूळ एकमेकांपासून लांब करायचे, त्याला आकसू द्यायचं नाही. मग ते रेशमासारखं चमकतं, शिवाय आधीपेक्षा दणकट होतं. मात्र कॉस्टिक पुरतं धुऊन निघेपर्यंत ताण सोडायचा नाही. आधी सोडला की लडी आखडतात, चमक जाते, आणि गिऱ्हाईक माल दारातूनच परत धाडतं.

त्यात चाक अडकवायची खीळ कधीची झिजून गेलेली. काकांच्या राज्यात दुरुस्ती नेहमी पुढच्या आठवड्यात व्हायची. त्यामुळे ज्याने चाक आवळलं, त्याने धुणं संपेपर्यंत ते धरून उभं राहायचं, हा शेडचा कायदाच झाला होता. काकांची बोटं वाकडी झाल्यापासून हा कायदा एकट्या तिच्यापुरता उरला होता. मध्ये एक माणूस ठेवला होता, पण "त्याच्या हाताला चाक कळत नाही" म्हणून काकांनी त्याला चार दिवसांत घरी पाठवलं.

तिने लडी बुडवल्या, चाक आवळलं, लडी बाहेर निघाव्यात म्हणून टाकी खाली घेतली.

"पाणी सोडा, काका."

"पाणी गेलंय," दारातल्या स्टुलावरून काका म्हणाले. "येईल आत्ता."

ती थांबली. लडींमधून कॉस्टिक ठिबकत होतं. दंड भरून आले, खांदे दुखायला लागले. दारातून रस्ता दिसत होता, बॅग दिसत होती, आणि दोन्ही तिच्या हाताबाहेर. इकडेतिकडे बघताना तिची नजर भिंतीवरच्या पाइपावर गेली.

"काका, नळाची दांडी आडवी आहे."

काका स्टुलावर रस्त्याकडे वळून बसले.

"पाणी गेलेलं नाही. तुम्ही बंद केलंय."

"असू दे की. एवढी काय घाई?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने चाक जरासं ढिलं सोडलं. लडी थरथरून आखूड झाल्या. काका ताडकन उठले.

"सोडू नकोस. सगळं वाया जाईल."

"मग पाणी सोडा."

काकांनी पाणीही सोडलं नाही आणि ते बसलेही नाहीत. वाकड्या बोटांकडे बघत म्हणाले, "तुझी काकू गेल्यापासून घरात नुसतं... जाऊ दे."

आईवडिलांमागे याच माणसाने तिला वाढवलं होतं. सुताची पारख त्यांनीच शिकवली, आणि त्या पारखीवरच नोकरी मिळाली होती. तिचा त्यांच्यावर जीव होता, आणि या क्षणी तिला त्यांचं तोंड बघवत नव्हतं. हात काढला की सुटका होती. पण काकांचा घाणा मातीत घालायला तिचा हात धजेना. तिने चाक पुन्हा आवळलं.

रस्त्यावरून बस हॉर्न देत निघून गेली. मग काकांनी दांडी सरळ केली.

ती लडी धूत राहिली. मोकळ्या हाताने मधूनमधून, कॉस्टिक उरलं असलं की गुलाबी होणारा तपासणीचा थेंब लडीवर टाकत होती. थेंब गुलाबी व्हायचा थांबला तेव्हा तिने चाक सोडलं. लडी तसूभरही आखडल्या नाहीत. सवयीने तिने एक धागा ओढून पाहिला. जोर खूप लावावा लागला, पण धागा पूर्वीसारखा लांबला नाही, एकदम तट्कन तुटला.

"झकास झालंय," काका हळूच म्हणाले. तिने हातमोजे काढले.

माल न्यायला गिऱ्हाइकाचा टेम्पो आला. तो रात्रीतून त्याच शहरात जाणार होता. ओल्या लडी चढवून झाल्यावर तिने ड्रायव्हरला विचारलं, "पुढे जागा आहे?"

ड्रायव्हरने काकांकडे बघितलं. रोजची ओळख, त्यांच्या घरची मुलगी. त्यांनी नाही म्हटलं असतं तर त्याने तिला घेतलं नसतं. काकांनी टेम्पोतल्या ओल्या लडींवरून एकदा हात फिरवला. मग दाराशी गेले, बॅग उचलली आणि स्वतः सीटवर नेऊन ठेवली.

ती चढून बसली. काका खिडकीशी आले आणि त्यांनी मूठ उघडली. तळहातावर चाकाची खीळ होती, नवीकोरी, अजून पॅकिंगच्या तेलात माखलेली.

"ही कधी आणलीत?"

"काकू होती तेव्हाच."

"मग बसवली का नाही?"

"बसवली असती," काका म्हणाले, "तर तू चाकापाशी कशाला थांबली असतीस?"