मेणबत्ती विझवणाऱ्यांची रांग

कँटीनमध्ये त्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. माणसं बाकांवर, टेबलांवर, खिडक्यांच्या कट्ट्यांवर चढून बसली होती आणि सगळ्यांचे डोळे स्टेजवरच्या दोन मेणबत्त्यांवर खिळले होते. एकीसमोर सिगारेट ओढणाऱ्या सहा कामगारांची रांग, दुसरीसमोर न ओढणाऱ्या सहा जणांची. ओढणाऱ्यांनी हातभर अंतरावरून एकेका फुंकरीत ज्योत विझवली, सहाच्या सहा जणांनी. न ओढणाऱ्यांपैकी दोघांना जमलं. बाकीचे चौघे खोकत खाली बसले.

"मी काही बोललो का? तुमच्याच माणसांनी दाखवलं!" करड्या सुटातला पाहुणा गरजला. त्याचं नाव मी तिथेच ठेवलं, आकडेमहाराज. "डॉक्टर म्हणतात, सिगारेटनं छाती जाते. संशोधन म्हणे! अहो, तुमच्या कारखान्याचे आकडे काय सांगतात? ओढणारे जास्त कमावतात आणि ठणठणीत असतात. न ओढणारे कमी कमावतात आणि खोकतात. रोग धुरात नाही मंडळी, रोग गरिबीत आहे. धूर तर छाती कणखर करतो!"

टाळ्यांनी पत्रे हादरले. दारात प्रत्येकाच्या हातात सिगारेटचं एक पाकीट पडत होतं. ते कोणाच्या खर्चानं, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. फुकट ते पौष्टिक!

मी या कुलपांच्या कारखान्यात एकोणीस वर्षं नर्स आहे. माझा थोरला भाऊही इथेच, लेथवर होता. त्या दुपारच्या चार महिने आधी त्याच्या रुमालावर तांबडा ठिपका दिसला तेव्हा मी हात जोडून त्याची सिगारेट सोडवली होती, पण छातीचा फोटो काढायला तो आज-उद्या करत होता. त्या संध्याकाळी त्यानं घरी जेवणाच्या टेबलावर फुकटचं पाकीट फोडलं.

"दादा, ठेव ती खाली."

"अगं, तुझ्या डोळ्यांदेखत झालं ना सगळं? मी सोडली आणि काय झालं? लेथवरून पॅकिंगला गेलो. पगार घटला, खोकला वाढला. साहेब खोटं बोलतोय का?"

वहिनी खिडकी उघडायला उठली. मेणबत्त्यांमध्ये हातचलाखी नव्हती. त्या मीच दवाखान्याच्या कपाटातून काढून दिल्या होत्या.

पुढच्या काही दिवसांत सिगारेट सोडलेले आणखी पाच जण पुन्हा ओढू लागले. मी समजावायला गेले की हसून म्हणायचे, "सिस्टर, आम्ही छाती कणखर करतोय." दादा जिन्याच्या मधल्या टप्प्यावर थांबू लागला. कुणी पाहिलं की बुटाची नाडी बांधायचा.

महिन्याभरानं लोकाग्रहास्तव दुसरा कार्यक्रम झाला. दादा आपणहून ओढणाऱ्यांच्या रांगेत उभा राहिला. त्याची पाळी आली. त्यानं फुंकर मारली, ज्योत वाकली आणि पुन्हा सरळ झाली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा त्याला अशी उबळ आली की टेबल धरावं लागलं. त्यानं रुमाल घाईघाईनं खिशात कोंबला, पण मी तो पाहिला.

आकडेमहाराज जराही डगमगले नाहीत. "हे गृहस्थ आजारी आहेत. चुकून इथे आले. यांना पलीकडच्या रांगेत घ्या."

मदतनीसांनी दादाला कोपराला धरून न ओढणाऱ्यांमध्ये नेलं. गरीब स्वभावाचा माझा भाऊ, मुकाट्यानं गेला.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी स्टेजवर चढले.

"साहेब, ह्यानं आज सकाळीसुद्धा ओढलीय. मग तिकडे का पाठवलात?"

"बाई, आजारी माणसानं सोडायलाच हवी, नाही का?"

लोक हसले.

"बरोबर. इथे तेच होतं," मी म्हणाले आणि त्या रांगेतल्या म्हाताऱ्या पॅकरकडे वळले. "मामा, तुम्ही कधी सोडली?"

"दोन वर्षं झाली. छाती भरायला लागली तेव्हा. तुम्हीच म्हणालात ना, सिगारेट सोडल्याशिवाय हलक्या कामाची चिठ्ठी नाही?"

"त्याआधी किती वर्षं ओढली?"

"तीस."

पुढचा म्हणाला बावीस. त्याच्या पुढचा, पंचवीस. प्रत्येकाला चिठ्ठी मी दिली होती. तीच चिठ्ठी घेऊन ते पॅकिंगला गेले होते, आणि तिथे ओव्हरटाइम नसतो.

"ऐकलंत?" मी लोकांना विचारलं. "आधी सिगारेटनं छाती गेली. छाती गेली म्हणून सिगारेट सुटली, आणि छाती गेली म्हणूनच कमाई घटली. मग हे साहेब आले, आणि आजाऱ्यांना 'न ओढणारे' म्हणून उभं केलं. गेल्या वेळी या रांगेतल्या दोघांना फुंकर जमली होती, आठवतं? त्यांनी जन्मात सिगारेट ओढलेली नाही. आज त्यांना बोलावलंच नाही. आणि या वर्षी लेथवरचे तिघे ओढणारे खोकून खोकून वारले. साहेब, त्यांना कुठल्या रांगेत धरलंत?"

महाराज घड्याळ बघत म्हणाले, हा शास्त्राचा विषय आहे, नर्सबाईंना झेपायचा नाही. मग त्यांनी सामान आवरलं. पुढच्या आठवड्यात ते दुसऱ्या कारखान्यात होते, असं कानावर आलं. आणि खरं सांगायचं तर, माझं सगळं ऐकूनही निम्म्या लोकांनी दारातलं पाकीट घेतलंच.

दोन दिवसांनी दादाला मोठ्या इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडासमोर धरला. ती सावली एका महिन्यात पडलेली नव्हती, तीस वर्षांच्या धुराची होती. "पण महिन्याभरापूर्वी आणलं असतं तर..." एवढं बोलून ते थांबले. वहिनीनं माझ्याकडे पाहिलं आणि मला मान वर करवेना.

साहेबांचा एकही आकडा खोटा नव्हता, म्हणून तर आम्ही फसलो. तेव्हा कुणी तुमच्यापुढे असा आकडा नाचवला तर टाळ्या वाजवण्याआधी विचारा. रांगा कुणी लावल्या? माणूस त्या रांगेत आजारी पडण्याआधी आला की नंतर? आणि जे रांगेत दिसत नाहीत, ते कुठे गेले? एवढंच विचारायला शहाणपण पुरतं, पदवी लागत नाही. मला ते पहिल्याच दुपारी विचारता आलं असतं. मी विचारलं नाही, आणि तो सगळा महिना माझा दादा सिगारेट ओढत राहिला.