सिप्रियानोला राग आला नाही तो रविवार

ला गुआसिमा गावच्या साखर कारखान्यात सिप्रियानो मोता उसाच्या डब्यांचं छोटं इंजिन चालवायचा आणि दर रविवारी कारखान्याच्या टीमकडून बेसबॉल खेळायचा. इंजिनावर त्याचा चढलेला आवाज कुणी ऐकला नव्हता. मुकादमाने एकदा दुसऱ्याची चूक त्याच्या माथी मारून त्याला अख्खा हंगाम रात्रपाळीला घातलं, तेव्हाही तो "बरं" म्हणाला आणि जेवणाचा डबा उचलून निघाला. घरी त्याची बायको नेरेइदा ओरडायची आणि तो ऐकायचा. पण रविवारी मैदानावर पंचाने त्याच्याविरुद्ध निकाल दिला, की याच माणसाला आवरायला चौघेजण लागायचे.

एकदा त्याने टोपीत माती भरून भरून पंचाचे दोन्ही बूट पुरले. एकदा होम प्लेटवर, म्हणजे धाव जिथे पुरी होते त्या पाटीवर, मांडी घालून बसला आणि उचलून नेईपर्यंत उठला नाही. एकदा तर दुसरा बेसच जमिनीतून उपटून घरी घेऊन गेला. नेरेइदाने तो सोमवारी परत पाठवला, धुऊन.

लोक यासाठीच यायचे. ज्यांना मॅच चुकायची ते आधी "सिप्रियानो भांडला का?" असं विचारायचे आणि मग कोण जिंकलं ते. तिसऱ्या बेसच्या मागे चेपेचं किराणा आणि बिअरचं दुकान होतं. भांडण सुरू झालं की चेपे गिऱ्हाईक सोडून बाहेर यायचा, आणि भांडण संपलं की त्याच्याकडे बाटल्या कमी पडायच्या.

यात नाटक मात्र अजिबात नव्हतं. पंच चुकला आहे याची सिप्रियानोला दर वेळी आतून खात्री असायची. आपल्यावर अन्याय झाला आहे, तो सगळ्या गावासमोर झाला आहे आणि हा माणूस खुशाल उभा आहे, असं त्याला वाटायचं, आणि मग पुढचं त्याला नीटसं आठवायचं नाही.

हा खुशाल उभा असलेला माणूस म्हणजे इलारियो मास्तर, गावचे शिंपी. दुसऱ्या कुणाला पंच व्हायचं नव्हतं म्हणून बारा-चौदा वर्षं तेच होते. "मास्तर, डोळ्यांना काजं करून घ्या," असं लोक ओरडायचे, "बटणं लावून ठेवलीयत का?" मास्तर ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. सिप्रियानो अंगावर आला की ते दोन्ही हात पाठीमागे बांधायचे, त्याच्या टोपीच्या जरा वर नजर लावायचे, त्याचं सगळं होऊ द्यायचे आणि मग अंगठ्याने फाटक दाखवायचे. सिप्रियानो जायचा. सोमवारी तोच सिप्रियानो फाटलेली पँट घेऊन मास्तरांच्या दुकानात जायचा.

"गुडघा?" मास्तर विचारायचे.

"गुडघा."

"बुधवारी ने."

रविवारचा विषय दोघांपैकी कुणी काढायचं नाही.

त्या वर्षी फायनल बंदराच्या टीमशी होती. शेवटचा डाव, कारखान्याचे दोन गडी बाद, तिसरा बाद झाला की खेळ संपणार, आणि कारखाना एका धावेने मागे. सिप्रियानो दुसऱ्या बेसवर उभा होता. बॅटरने चेंडू उजवीकडे लांब मारला आणि सिप्रियानो सुटला. तिसऱ्या बेसपाशी टीमचा मॅनेजर बाल्डो हात गरगरा फिरवत होता, म्हणजे थांबू नको. तो थांबला नाही. समोर बंदराचा कॅचर प्लेट अडवून उभा होता आणि चेंडू मैदानातून त्याच्याकडे येत होता. चेंडू घेतलेल्या हाताने त्याने सिप्रियानोला प्लेटच्या आधी शिवलं तर आऊट, पाय आधी प्लेटला लागला तर बरोबरी. सिप्रियानोने जमिनीवर अंग टाकलं आणि घसरत गेला. इतकी धूळ उडाली, की दोघेही दिसेनासे झाले.

धुळीतून मास्तरांचा आवाज आला, "आऊट."

अख्खं मैदान उभं राहिलं. चेपे बाहेर आला. एका बाईने पोराला खांद्यावर घेतलं, नीट दिसावं म्हणून. सिप्रियानो उठला. मास्तर सवयीने एक पाऊल मागे सरकले, त्याला जागा करून द्यायला, आणि त्यांनी हात पाठीमागे बांधले.

सिप्रियानोने रागाची वाट पाहिली. राग आला नाही. त्याच्या जागी त्याला आपली पाठ जाणवत होती, डाव्या खांद्याच्या खाली, जिथे पाय पोचायच्या आधी कॅचरचा हातमोजा लागला होता. जोरात नाही. कुणी गर्दीत "जरा सरका" म्हणून हात लावावा तसा. पण लागला होता.

"काय?" मास्तर म्हणाले. इतका वेळ काहीच होत नाही, याची त्यांना सवय नव्हती.

"बरोबर आहे," सिप्रियानो म्हणाला. त्याने पँट झटकली आणि बाकाकडे चालत गेला.

सुरुवातीला कुणाला काही कळलंच नाही. तो बॅट आणायला गेला आहे असं लोकांना वाटलं. तो बाकावर बसून बुटाची नाडी सोडायला लागला, तेव्हा पहिली बाटली मैदानात पडली.

बाल्डो त्याच्या शेजारी येऊन बसला. "पाय दुखावला का रे?"

"नाही."

"चक्कर आली?"

"नाही."

"मग बोलला का नाहीस?"

"आऊट होतो मी."

"ते असेल," बाल्डो म्हणाला. "त्याचा इथे काय संबंध?"

संध्याकाळपर्यंत गावाचं एकमत झालं होतं, की सिप्रियानो विकला गेला. बंदराच्या लोकांनी त्याला गाठलं होतं. त्याच्या घरावर नवे पत्रे आलेच होते ना. पत्रे मागच्या वादळानंतर आले होते आणि ते ठोकायला निम्मं गाव त्याच्या छपरावर चढलं होतं, पण ते कुणी मध्ये आणलं नाही. सोमवारी तो पँट घेऊन मास्तरांच्या दुकानात शिरताना दिसला आणि उरलीसुरली शंका फिटली. इतकी वर्षं तो दर सोमवारी तिथे जात होता. आता त्याला अर्थ आला.

नेरेइदा तेल आणायला चेपेकडे गेली, तर चेपेने तेल दिलं, पण बोलला नाही. रोज बोलबोलून डोकं उठवणारा माणूस. तिने घरी येऊन बाटली आपटली.

"तू आऊट होतास?"

"होतो."

"कुणाला दिसलं होतं?"

"धूळ होती. कुणालाच नाही."

"आणि कुणाकुणाला सांगितलंस?"

"बाल्डोला. आता तुला."

"बास झालं. आणखी कुणाला सांगू नकोस." ती केळ्याचे काप तळायला लागली. दोन घाणे काढल्यावर पाठमोरीच म्हणाली, "आणि मग बाकीच्या वेळी?"

"बाकीच्या वेळी काय?"

"बाकीच्या वेळी आऊट नव्हतास?"

सिप्रियानोने ताट पुढे ओढलं. ताटातलं संपवून तो अंगणात जाऊन बसला. त्याला बूट पुरले ती मॅच आठवली. तेव्हा त्याने झेप घेऊन पकडलेला चेंडू मास्तरांनी झेल म्हणून मानला नव्हता. चेंडू हातमोज्यात येण्याआधी खाली काहीतरी गवतासारखं खरखरलं होतं. हे त्याला तेव्हा ठाऊक होतं. उठून उभा राहीपर्यंत ठाऊक होतं. मग राग आला आणि त्यात ते बुडून गेलं, आणि आत्तापर्यंत ते त्याने एकदाही वर काढलं नव्हतं. बाकीच्या भांडणांची आठवण काढायचं त्याने त्या दिवशी टाळलं.

सोमवारी, मंगळवारी इंजिनावर त्याच्याशी कुणी बोललं नाही. पत्ते खेळायला बसला, तर चौथा गडी पुरा झाला आहे असं त्याला सांगण्यात आलं, आणि खेळायला तिघेच बसले होते. बुधवारी तो पँट आणायला गेला. मास्तर मशीनवर होते.

"मास्तर, एक विचारू? रविवारचं तुम्हाला नीट दिसलं होतं?"

मास्तरांनी पाय थांबवले. "धूळ होती."

"म्हणजे?"

"म्हणजे धूळ होती. तू घसरत येतोस तेव्हा अर्धं मैदान बरोबर घेऊन येतोस. मला तुझी टोपी दिसली आणि त्याचं ढोपर."

"मग आऊट कसं दिलंत?"

"काहीतरी द्यावंच लागतं. अंदाजाने दिलं." मास्तरांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "पण तू बरोबर आहे म्हणालास. खरं सांगतो सिप्रियानो, इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा कळलं, की मी दिलं ते बरोबर होतं. घरी जाऊन पोटभर जेवलो. रविवारी मला जेवण जात नाही एरवी."

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला होता. सिप्रियानोला बरं वाटायला हवं होतं. पण त्याच्या टाचांपासून काहीतरी गरम गरम वर चढायला लागलं, आणि ते काय आहे हे त्याने लगेच ओळखलं. रविवारी न आलेला राग वाट विचारत विचारत आता येऊन पोचला होता.

"अंदाजाने?" तो म्हणाला. "फायनल होती मास्तर. अंदाजाने?"

"अरे, पण तू आऊट होतास."

"त्याचा इथे काय संबंध? तुम्हाला ते माहीत नव्हतं. माझी तीन दिवस गावात कुत्र्यासारखी गत झालीय, आणि तुम्ही अंदाजाने आऊट दिलंत. डोळे कुठे होते तुमचे? सुईत दोरा तरी बघून ओवता का?"

आवाज त्याचा रविवारचा होता. समोरच्या न्हाव्याच्या दुकानातली गिऱ्हाइकं गळ्याला फडकं तसंच ठेवून बाहेर आली. दुकानात माती नव्हती, म्हणून सिप्रियानोने खडूंचा डबा उचलला आणि मास्तरांच्या चपलांवर रिकामा केला. मग टोपी काढून जमिनीवर आपटली. मास्तर उठले. त्यांनी हात पाठीमागे बांधले, सिप्रियानोच्या डोक्याच्या जरा वर, कॅलेंडरवरच्या संतावर नजर लावली, त्याचं सगळं होऊ दिलं आणि अंगठ्याने दार दाखवलं.

सिप्रियानो बाहेर पडला. बाहेर पाच-पन्नास माणसं जमली होती. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

"म्हणजे विकला गेला नव्हता," चेपेने सगळ्यांना समजावून सांगितलं. "उशीर झाला, एवढंच." त्याने स्वतःच्या हाताने बर्फातली बिअर काढून दिली. बाल्डो गळ्यात पडला आणि म्हणाला, की धक्का बसला होता तर तसं सांगायचंस ना लेका, आम्ही काय परके आहोत. पत्त्यांना चौथा गडी लगेच कमी पडला. सिप्रियानोला काही सांगायचं होतं, पण कुणाला सांगावं ते कळेना. खरं बोललो तेव्हा बाटल्या मारल्या आणि म्हाताऱ्याच्या पायावर खडू ओतले तर बिअर दिली, असं काहीसं ते होतं. बिअर मात्र त्याने संपवली. गार होती.

नेरेइदाला बातमी त्याच्या आधी पोचली होती. "मास्तरांवर का ओरडलास?"

"अंदाजाने दिलं म्हणाले."

"आणि उसाचे फड जाळतात तेव्हा त्या धुरातून तू इंजिन कसं आणतोस? रूळ दिसतात?"

"नाही दिसत."

"मग?"

त्याने टोपी खुंटीला अडकवली. दुसऱ्या दिवशी काम सुटल्यावर परत मास्तरांकडे गेला. मास्तर गुडघ्यांवर बसून मशीनखालचे खडूचे तुकडे गोळा करत होते. सिप्रियानोही खाली बसला. दोघांनी मिळून डबा भरला.

"चुकलं माझं," सिप्रियानो म्हणाला. "कालचंही, आणि त्या बुटांचंही. तो चेंडू खाली टेकला होता."

"टेकला होता?" मास्तर हातातला खडू तसाच धरून बसले. "मला वाटलंच होतं. पण खात्री नव्हती. त्या रात्री मी किती वेळ..." ते थांबले. मग म्हणाले, "बेस घेऊन गेलास तेव्हा?"

"तेव्हा तुम्ही चुकला होतात."

"शंभर टक्के?"

"शंभर टक्के. माझा पाय केव्हाच लागला होता."

मास्तरांनी मान हलवली. त्यांना वाईट वाटलं हे दिसत होतं, पण त्यांनी आणखी विचारलं, आणखी एका मॅचचं, मग आणखी एका. अंधार पडेपर्यंत ते विचारत राहिले. शेवटी म्हणाले, "एक कर. पुढेही मला सांगत जा. मैदानावर नको. तिथे तू ओरड, लोक लांबून येतात. इथे येऊन सांग."

"मला ठरवून ओरडता येत नाही, मास्तर."

"ठरवून नको. येईल तसं ओरड."

पुढचा हंगाम तसा गेला. सिप्रियानोला राग यायचा तो यायचाच, त्यात खोट नव्हती. एका मॅचला त्याने बाक उलटा केला, एका मॅचला बाल्डोलाच ढकलून दिलं, कारण बाल्डो मध्ये आला होता. आणि सोमवारी दुकानात शिरून तो दारातूनच सांगायचा, "नव्हतो," किंवा "होतो." "नव्हतो" म्हटलं, की मास्तर इस्त्री उभी करून ठेवायचे आणि चष्मा पुसत बसायचे. "होतो" म्हणताना सिप्रियानोला जड जायचं. एकदा त्यासाठी तो दुकानावरून दोनदा पुढे गेला आणि परत फिरला.

पाऊस लागायच्या सुमाराला बंदराच्या टीमशी पुन्हा मॅच झाली आणि सिप्रियानो घसरत आला तेव्हा पुन्हा प्लेटपाशी तसाच प्रकार झाला. धूळ, कॅचर, सगळं एकात एक. मास्तरांनी सेफ, म्हणजे आऊट नाही असं दिलं आणि या वेळी बंदराचा कॅचर त्यांच्या अंगावर धावून गेला. सिप्रियानो बाजूला उभा राहून ते बघत होता. त्या पोराचं चुकतंय का बरोबर आहे, ते त्याला सांगता आलं नसतं.

सोमवारी तो दुकानात आला आणि दारातच उभा राहिला. मास्तर वाट बघत होते.

"माहीत नाही," सिप्रियानो म्हणाला. "खरंच. हातमोजा लागला असेल, नसेलही. रात्रभर आठवून बघितलं."

"मलाही नाही माहीत," मास्तर म्हणाले.

त्यांनी कोपऱ्यातलं स्टूल ओढून त्याच्याकडे सरकवलं आणि आतल्या चुलीवर कॉफी ठेवायला गेले.