अपघात झाल्यास कोणाला कळवावे

"चालू झाली?" सिस्टरांनी विचारलं.

"केव्हाच झाली, मॅडम."

सिस्टरांनी स्टिअरिंगच्या बाजूला तळवा टेकवून पाहिला. थरथर लागली नाही. "मग आवाज कुठाय?"

"ही बॅटरी आणि पेट्रोल दोन्हीवर चालते. उभी असताना बॅटरीवर. आवाज नाही म्हणून घाबरायचं नाही, हा हिरवा दिवा बघायचा."

खाटेपाशी मशीनचा आवाज थांबला की धावायचं, हे सिस्टरांनी चौतीस वर्षं केलं होतं. त्यांनी दिवा नीट पाहून घेतला.

शोरूमच्या मागच्या आवारात दोघं गाडीत बसली होती. गाडी ताब्यात देणारा माणूस पन्नाशीचा होता, मांडीवर फॉर्म आणि कानामागे पेन. सिस्टरांना निवृत्त होऊन चार महिने झाले होते. लग्न राहून गेलं, आई दोन वर्षांपूर्वी गेली. गुडघे बसच्या पायऱ्या चढेनात, म्हणून साठीला टेकल्यावर त्या गाडी शिकल्या होत्या.

"आता फोन जोडू. तुमच्या फोनवर आणि या स्क्रीनवर एकच आकडा येईल. सारखा असला की 'हो' दाबा."

सहा अंकी आकडा आला. सिस्टरांनी तो फोनवरून मोठ्याने वाचला, मग स्क्रीनवरून वाचला. मग म्हणाल्या, "आता तुम्ही वाचा."

"मी कशाला?"

"रक्ताची पिशवी लावताना दोघांनी वाचायचं असतं."

त्याने निमूट वाचला. फोन जोडला गेला आणि फोनमधली नावं गाडीच्या स्क्रीनवर भराभर उतरू लागली. खाट तीन, मुलगा. खाट तीन, थोरली सून. खाट चार, भाऊ, उशिरा उचलतो. खाट सात, जावई, तापट.

"एवढ्या खाटा?" तो हसला. "फर्निचरचं दुकान होतं काय, मॅडम?"

"हॉस्पिटल. वॉर्ड पाच."

"मग ही जुनी मंडळी अजून कशाला ठेवलीत?"

"पेशंट जातात. नंबर राहतात."

तो जरा वरमला. फॉर्मचं पान उलटून म्हणाला, "आता शेवटचं. गाडीला जोराची धडक बसली, तर ती तुमच्या फोनवरून आपण होऊन एकाला कळवते. कोणाला, ते घालायचं. टेस्ट झाली की तुम्ही मोकळ्या."

"रिकामं ठेवलं तर?"

"फॉर्म पुढे सरकत नाही, सिस्टर. घाला की घरचं कोणीतरी."

सिस्टरांनी धाकट्या भावाला फोन लावला. चार वेळा वाजून कटला. लगेच निरोप आला आणि गाडीच्या स्पीकरमधल्या बाईने तो कोरड्या आवाजात वाचून दाखवला: मीटिंगमध्ये आहे. अर्जंट आहे का?

सिस्टरांनी 'नाही' असं लिहून पाठवलं. अर्जंट कशाला म्हणतात ते त्यांना चांगलं ठाऊक होतं.

मग वॉर्डातल्या जुन्या जोडीदारणीला लावला. ती आता लेकीकडे, दुसऱ्या गावी राहत होती.

"गाडी घेतलीस? आणि सांगतेस आज? मेली मुलखाची घुमी. टाक माझा नंबर, विचारतेस काय!"

"तुला इथं पोचायला किती वेळ?"

"आता निघाले तर उद्या सकाळी."

"तोवर मी थंडगार."

"तू कसली मरतेस. यमच घाबरेल तुला, खाटेचा नंबर विचारशील त्याला." मागे पोर रडायला लागलं. "ठेवते गं, नातू पडला वाटतं."

हसू गाडीत जरा वेळ राहिलं, मग गेलं.

नातेवाईक पारखणं हा सिस्टरांच्या कामाचाच भाग होता. कोण उचलणार नाही, कोण उचलून नुसता रडेल आणि कोण येऊन सही करेल, हे त्यांना फोन वाजतानाच कळायचं. त्यांनी स्क्रीनवर बोट फिरवलं आणि 'खाट नऊ, मुलगा' पाशी थांबवलं. पाच वर्षांपूर्वी पहिल्याच रिंगला उचलून तो बारा मिनिटांत आला होता, दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून.

आताही पहिल्याच रिंगला उचलला.

"बोला सिस्टर." पुढे नुसता श्वास. गाडीच्या चारी कोपऱ्यांतून तो ऐकू येत होता. "काय झालं? कोणाचं काय झालं?"

त्याची आई पाच वर्षांपूर्वीच गेली होती. ते त्याला सांगणारा फोनही सिस्टरांचाच होता.

"काही नाही हो. सगळं ठीक आहे. नवी गाडी घेतली, फोन जोडत होते. चुकून लागला."

"हां." त्याने श्वास सोडला. "तुमचं नाव दिसलं ना, मी चपलाच शोधायला लागलो. बऱ्या आहात ना?"

"बरी आहे. ठेवते."

जे विचारायचं होतं ते त्यांनी विचारलं नाही. हात मांडीवर घेऊन त्या बसून राहिल्या. शेजारचा माणूस काचेबाहेर पाहत होता.

"वॉर्डाचा घाला," सिस्टर म्हणाल्या आणि पाठ असलेला नंबर सांगितला.

"तिथं तुमचं कोण आहे?"

"कोणीतरी असतंच. तो फोन वाजत राहिलेला मी कधी पाहिला नाही."

त्याने नंबर घातला आणि टेस्टचं बटण दाबलं. दुसऱ्या रिंगला फोन उचलला गेला. ट्रॉलीची चाकं वाजली, कोणीतरी खोकलं. "वॉर्ड पाच," एक कोवळा, ओळखीचा नसलेला आवाज म्हणाला. गाडीतल्या बाईने आपलं सांगणं सांगितलं: हा फोन वापरणाऱ्या व्यक्तीला अपघात झाला असण्याची शक्यता आहे.

"पेशंट शुद्धीवर आहे का? सोबत कोण आहे?"

"शुद्धीवर आहे," सिस्टर म्हणाल्या. "आणि टेस्ट आहे ही, बाळ. नव्या गाडीत तुमचा नंबर घातलाय, म्हणून."

"आमचा?" पोरगी गोंधळली. "पण बाई, खरंच काही झालं आणि इथं फोन आला, तर आम्ही कोणाला कळवायचं?"

मागे कोणीतरी पाणी मागत होतं. सिस्टरांनी ते ऐकलं.

"फोन पटकन उचललास," त्या म्हणाल्या. "छान केलंस. जा, त्यांना पाणी दे."

फोन बंद झाला. त्या माणसाचं पेन 'नातं' या रकान्यापाशी थांबलं. त्याने सिस्टरांकडे पाहिलं, काही न विचारता तिथे रेघ मारली आणि सहीसाठी फॉर्म पुढे केला. सिस्टरांनी सही केली, खाली तारीख घातली, वेळही घातली.

उतरता उतरता तो म्हणाला, "मागच्या सीटांवरचं प्लॅस्टिक काढून देऊ?"

सिस्टरांनी आरशात मागची सीट पाहिली.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "धूळ बसणार नाही."