मागचा डावा पाय

सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. वार शनिवार, १२ जून १९९९. धुळाजीनं मेंढी गुडघ्यांत दाबून धरली होती आणि तिच्या खुराच्या फटीत रुतलेला खडा तो चाकूच्या टोकानं काढत होता. तेवढ्यात संगीतानं दोन पाकिटं आणून त्याच्या शेजारी घोंगडीवर ठेवली. वरचं निळं, गुळगुळीत. खालचं पोस्टाचं, खाकी.

खडा निघाला. धुळाजीनं मेंढी सोडली, चाकू धोतराला पुसला आणि पाकिटांकडं पाहिलं.

तेलगावच्या अलीकडच्या वस्तीवर तो गुरुवारी परतला होता. दिवाळी झाल्यावर दीडशे मेंढरं घेऊन निघालेला माणूस चकलांब्यावरून गोदावरीच्या काठाकाठानं फिरून आठ महिन्यांनी घरी आला होता. या आठ महिन्यांत मुलगा सोमनाथ काळीपिवळी जीप चालवायला लागला होता आणि मुलगी संगीता बारावी पास झाली होती. तिला कॉम्प्युटरवर हलती चित्रं करायला शिकायचं होतं. असं काही शिकायचं असतं हे धुळाजीला गुरुवारी, बायको मनकर्णा जेवायला वाढत असताना कळलं. शाळेतल्या चित्रकलेच्या सुंदरराव सरांनी पेपरातल्या जाहिराती कापून दिल्या होत्या, पोरीनं दोन ठिकाणी चित्रं पाठवली होती आणि उत्तरं आली होती. फीची तजवीज बापलेकांनी शुक्रवारी केली होती. कुठं जायचं, तेवढंच धुळाजीच्या येण्यावर थांबलं होतं.

“वरचं औरंगाबादचं,” सोमनाथ जीपची काच पुसता पुसता म्हणाला. “हिचं नाव लागलंय तिथं. सोमवारी पाचच्या आत हिनं सोता जाऊन सही करायची. न्हाई केली तर जागा दुसऱ्याला. मे महिन्यात बघून आलतो आमी. लई भारी हाय, आबा. गार हवेची मशीन. चपला भाईर काढाव्या लागत्यात, देवळावानी.”

“आन् खालचं?”

“पुण्याचं. नापास केलंय त्यांनी. ते बघूच नका.”

धुळाजीनं खालचं पाकीट उचललं.

आत चोवीस कागदांची चोपडी होती, एका कडेला घोंगडीच्या दोऱ्यानं शिवलेली. प्रत्येक कागदावर पेन्सिलीनं काढलेली तीच मेंढी, पाय तेवढे दर कागदावर जरा पुढंमागं. शेवटच्या पानांवर कुणीतरी लाल पेन्सिलीनं एका पायाभोवती गोल केला होता आणि खाली दोन ओळी लिहिल्या होत्या. धुळाजीला वाचता येत नव्हतं. त्यानं चोपडी पोरीपुढं धरली.

संगीतानं मान खाली घालून वाचलं, “मागचा डावा पाय सतत उशिरा पडतो. मेंढी प्रत्यक्ष पाहून पुन्हा काढा.”

“घ्या!” सोमनाथनं फडकं बॉनेटवर आपटलं. “धनगराच्या पोरीला सांगत्यात, मेंढी बघून काढ म्हणून!”

दारात भाकरीचं पीठ झाडत उभी असलेली मनकर्णाही हसली. संगीता हसली नाही.

“हे बघायचं कसं?” धुळाजीनं विचारलं.

तिनं चोपडी त्याच्या हातात नीट धरून दिली आणि कडेला अंगठा कसा सोडायचा ते दाखवलं. पहिल्यांदा पानं एकदम सुटली. दुसऱ्यांदा मेंढी चार पावलं चालली. तिसऱ्यांदा धुळाजीनं चोपडी डोळ्यांजवळ नेली आणि अंगठा अगदी सावकाश सोडला.

“ही भुरी हाय,” तो म्हणाला.

“भुरी म्हणून न्हाई काढली, आबा. नुसती मेंढी काढलीय.”

 अंगणात कडुनिंबाखाली भुरी रवंथ करत बसली होती. दोन वर्षांपूर्वी तिच्या मागच्या डाव्या पायात बाभळीचा काटा मोडला होता. पाय बरा झाला, पण टेकताना जरा मागं राहायला लागला, परक्याच्या नजरेला येऊ नये इतका. कळपाबरोबर तिला रेटता येईना म्हणून दिवाळीनंतर त्यानं ती एकटीच घरी ठेवली होती.

“औरंगाबादवाल्यांनी ही चित्रं बघितली?”

“याचीच झेरॉक्स पाठवली होती.”

“काय म्हणले?”

संगीतानं निळ्या पाकिटातला जाड कागद काढला. “आपली चित्रे सर्वतोपरी निर्दोष आहेत.”

“निर्दोष!” सोमनाथ म्हणाला. “आता बोला.”

“बाजारात एखादा माणूस माझी लंगडी मेंढी बघून लई भारी, लई भारी म्हणाया लागला,” धुळाजी चोपडीवरून हात फिरवत म्हणाला, “तर मी त्याच्या तोंडाकडं बघत न्हाई. हाताकडं बघतो, कुणाच्या खिशात चाललाय ते.”

“आबा, ह्यो बाजार न्हाई. कॉलेज हाय ते.”

“मंग बाजारापेक्षा बारीक बघाया पायजे का न्हाई त्यांनी?” मग तो संगीताकडं वळला. “ह्या पुण्याच्या कागदात अजून काय हाय?”

तिला पाठ असावं, कारण तिनं कागद उघडला नाही. “नवी चित्रं सोमवारी पाचच्या आत सोता आणून दिली तर विचार करू, असं हाय.”

“म्हंजी त्याच दिवशी. त्याच टायमाला,” सोमनाथ म्हणाला. “इकडची पक्की जागा सोडून तिकडं जायचं, आन् त्यांनी पुन्यांदा न्हाई म्हणलं तर?”

“तर माझ्या भावाला मी शब्द दिलाय,” मनकर्णा दारातून म्हणाली. तिचं हसणं आता थांबलं होतं. “शिकाया गेली तर तीन वर्सं थांबा, न्हाई गेली तर कार्तिकात लगीन. त्याचा पोरगा वाईट न्हाई. पण मी शब्द फिरवणार न्हाई, आताच सांगते.”

संगीता निळ्या पाकिटाचा कोपरा दुमडत राहिली, उलगडत राहिली.

धुळाजी उठला. मेंढरांच्या वाड्याच्या तोंडावरचं काट्याचं झाप बाजूला करून त्यानं कळपातून मोरीला कानाला धरून बाहेर काढलं. आठ महिने कळपाच्या पुढं चालणारी मेंढी ती. कडुनिंबापासून पाण्याच्या हौदापर्यंत त्यानं तिला एकदा नेलं, परत आणलं. मग भुरीला उठवून तिच्या मागं लावलं.

“बस इथं,” तो संगीताला म्हणाला. “तोंडं बघू नगंस. पाय बघ.”

सोमनाथ जीप सुरू करायची सोडून उभा राहिला. मोरी गेली, मागून भुरी गेली. परत आल्या. तिसऱ्या फेरीला संगीताच्या हातातली पेन्सिल खाली आली.

“आबा, भुरी...”

“व्हय.”

“रोज बघत व्हते मी. मला कावून दिसलं न्हाई?”

“तुझ्याम्होरं दुसरी व्हती कुठं?”

त्यानंतर शनिवारचा अख्खा दिवस आणि रविवारची दुपार बाप मेंढी चालवत राहिला आणि लेक काढत राहिली. मोरी वैतागून हौदापाशी बसून घ्यायची, मग धुळाजी तिला हरभऱ्याचे चार दाणे दाखवून उठवायचा. वस्तीवरची माणसं येऊन बघून जात होती. “धुळाजी, मेंढराला शाळा शिकवतुस का बे?” असं कुणीतरी ओरडून विचारलं. “पास व्हायलीय,” तो म्हणाला आणि मोरीला पुन्हा वळवलं.

रविवारी पाच वाजता चोविसावा कागद झाला. संगीता दोरा शोधायला उठली, तर मनकर्णानं तिच्या हातातून कागद घेतले, कडा जुळवल्या आणि दाभणानं चोपडी शिवून दिली. 

सोमवारी सकाळी सव्वापाचला सोमनाथनं दोघांना बीडच्या स्टँडवर सोडलं. औरंगाबादची गाडी फलाटाला लागली होती, इंजिन चालू होतं. पलीकडं पुण्याच्या गाडीचा कंडक्टर नगर, पुणे, नगर, पुणे असं म्हणत दाराशी उभा होता. धुळाजी दोन्ही गाड्यांच्या मधोमध थांबला आणि खांद्यावरची घोंगडी उगाच सारखी करत राहिला. 

संगीतानं पिशवीतून निळं पाकीट काढलं.

“दादा, हे तुझ्यापाशी ठेव.”

“अगं, येडी का काय तू?”

“ठेव की.”

सोमनाथनं बापाकडं पाहिलं. धुळाजी पुण्याच्या गाडीची पाटी बघत होता, जणू त्याला वाचता येत होतं.

“पाचपतोर ठेवतो,” सोमनाथ पाकीट खिशात कोंबत म्हणाला. “मंग फाडून टाकतो.”

पुण्याची ती संस्था एका कापडदुकानाच्या वर होती. तीन खोल्या, एक पंखा, आणि भिंतीभर दोऱ्यांना चिमट्यांनी लटकवलेले कागद. कॉम्प्युटर मधल्या खोलीत होते, त्यांच्यावर मळकट चादरी टाकलेल्या होत्या. धुळाजीनं जिन्यातच पायातलं पायताण काढून हातात घेतलं.

“अहो, घालून या,” टेबलामागच्या बाई म्हणाल्या. पन्नाशीच्या होत्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. “इथं सगळी धूळच आहे.”

त्या चष्मा लावून नव्या चोपडीची पानं सोडत राहिल्या. एकदा सोडली, दोनदा सोडली. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून पाच मिनिटं झाली होती.

“आता बरोबर आहे,” त्या म्हणाल्या.

संगीतानं पिशवी खाली ठेवली.

“बाई,” धुळाजी दारातूनच म्हणाला. पायताण अजून त्याच्या हातातच होतं. “पयली चोपडीबी बरोबरच हाय.”

“म्हणजे?”

“आमची भुरी तशीच चालती. काटा मोडला व्हता. तुमी वळखलं ते खरं हाय, पाय उशिरानंच पडतो. पण पोरगी चुकली न्हाई. मी बाकीची मेंढरं घेऊन गेलतो, हिच्यापाशी तेवढी एकच व्हती.”

बाईंनी जुनी चोपडी मागितली. लाल गोल असलेली पानं त्यांनी एकेक करून पाहिली, मग अंगठ्यानं सोडली, मग पुन्हा सोडली. बाजूच्या खोलीत कुणीतरी हाक मारली, तिकडं त्यांनी लक्ष दिलं नाही.

“ती लंगडते हे तुला माहीत होतं?” त्यांनी संगीताला विचारलं.

संगीतानं बापाकडं पाहिलं, मग जमिनीकडं. “काटा मोडलेला माहीत व्हता. चालताना पाय मागं राहतो, ते तवा न्हाई माहीत व्हतं.”

“मग काढलंस कसं?”

“दिसलं तसं काढलं.”

बाईंनी टेबलाचा खण उघडला. जुनी, लाल गोलांची चोपडी त्यांनी आत ठेवली आणि नवी संगीतापुढं सरकवली.

“ही घेऊन जा.”

“पण बाई, ही बरोबर हाय म्हणला न्हवं तुमी?”

“हो, बरोबर आहे.” बाईंनी खण लावून घेतला. “यादी शुक्रवारी लागेल. दोघा-तिघांच्याच जागा उरल्यात. पत्र पोस्टानं येईल.”

पाच वाजले तेव्हा परतीची गाडी शिरूरच्या स्टँडवर उभी होती. धुळाजीनं कागदाच्या पुडीतले शेंगदाणे पोरीपुढं धरले. तिनं स्टँडवरच्या घड्याळाकडं पाहिलं आणि दोन उचलले.

“त्या बाईनं लंगडीच का ठेवून घेतली असंल, आबा?”

धुळाजीनं पुडीतला एक दाणा तोंडात टाकला. “ते मला बाजारातबी कळलं नसतं,” तो म्हणाला.

शुक्रवारी सोमनाथनं वडवणीच्या एस.टी.डी. बूथवरून पुण्याला फोन लावला. घंटी वाजत राहिली, कुणी उचलला नाही. दुसऱ्यांदा लावला, तेव्हा यादीचं विचारायच्या आधीच लाइन गेली. निळं पाकीट त्याच्या जीपमध्ये आरशामागं खोचलेलं होतं. ते फाडलेलं नव्हतं.

शनिवारी, १९ तारखेला, साडेदहाच्या सुमाराला सायकलवरून पोस्टमन आला. त्यानं शेजारच्या वत्सलाबाईंची मनीऑर्डर दिली, पाणी प्यायला आणि गेला. धुळाजीनं भुरीला गुडघ्यांत धरलं होतं आणि तिचा मागचा डावा पाय त्याच्या हातात होता. खूर वाढला होता. त्यानं चाकू लावला, कागद घेऊन समोर बसलेल्या पोरीकडं पाहिलं, आणि तिचं चित्र काढून होईतो पाय तसाच धरून ठेवला.

अकरा वाजेपर्यंत पुण्याहून पत्र आलेलं नव्हतं.