डागडुजीपुरतं

"खा रे बाबांनो, मालक नाही तर मी आहे," असं म्हणत हरिचंद्रने गुळाचं पाणी टाकीत ओतलं. अंबरनाथ एमआयडीसीतली ती रंगाची कंपनी दुरुस्तीसाठी बंद होती. सांडपाणी येत नव्हतं, आणि ते खाऊन साफ करणारे टाकीतले जंतू उपाशी मरू नयेत म्हणून तो रोज येऊन त्यांना गूळ घाली. स्वतः मात्र बायको गेल्यापासून एकदा खिचडी लावली की तीच दुसऱ्या दिवशीही खाई. हिशेबाचा पक्का माणूस. फक्त स्वतःच्या नावावर काही मांडत नसे.

मागे त्याची मुलगी शलाका उभी होती. समुद्रतळाच्या चिखलातल्या जंतूंवर संशोधन करायला तिला गोव्याला बोलावलं होतं. हो की नाही ते आजच कळवायचं होतं, आणि बापाला एकटं टाकून जायला तिचा पाय निघत नव्हता.

"तुझ्या जंतूंना गूळ कोण घालतं?" त्याने विचारलं.

"कोणी नाही. वरून पडतं ते वरचेच खाऊन टाकतात. तळाशी पोचतं ते उष्टं, तेही चिखलात गाडलेलं. खोलात ऑक्सिजन नसतो, मग पाण्यातल्या सल्फेटवर श्वास भागवतात. काही ठिकाणी तर मातीतल्या किरणोत्सर्गाने पाणी फुटतं, हायड्रोजन सुटतो, त्यावर जगतात."

"मग वाढतात कधी?"

"जवळजवळ नाहीच. मिळतं ते स्वतःचं मोडलेलं सांधण्यात जातं. असेच हजारो वर्षं पडून असतात."

"स्वस्तात पडले की. आमच्या मालकाला सांगू नको."

"हस तू. तू पण तसाच राहशील, डागडुजीपुरता. म्हणून मी नाय जात."

तो नळाकडे वळला. बराच वेळ बादली विसळत राहिला.

संध्याकाळी बदलापूर गावात तो शेजारच्या विठाच्या दारात जाऊन उभा राहिला. शलाका मागे होतीच. बायकोचे दिवस झाल्यावर या घरातून आलेलं ताट त्याने दोनदा परत धाडलं होतं. कुणाचं खायचं नाही, हा त्याचा बाणा.

"वैनी, रोज रातचं जेवण तुमच्याकडं केलं तर चालंल का?"

विठाने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "ताट परत धाडणारे तुम्हीच ना, भावजी?"

"मीच."

"बसा मग. वांगं तिखट हाय, रडाल."

तो शलाकाकडे वळला. "ऐकलंस? आता लाव फोन."

अंगणातून तिचा आवाज आत आला, "हो, येते मी." हरिचंद्रने पुढ्यात आलेलं ताट जवळ ओढलं आणि दाराकडे पाठ करून बसला. घास किती हळू उतरतोय, ते पोरीला दिसायला नको होतं.