खरबुजांच्या मळ्यात चाललेली नगरी

आटपाट नगर होतं, असं तुम्ही लेकरांना सांगता ना, तसलंच एक नगर मी. अमू नदीच्या काठी आता नुसती टेकडी दिसते, तिच्या पोटात मी बसलेय. माझ्या अंगाखांद्यावर राहतात म्हातारी बीबी मस्तूरा, तिचा लेक सफर आणि सून चमनगुल.

मला वसवलं एका यवन, म्हणजे ग्रीक राजानं. मुलुख जिंकत आला, नदी बघितली, बोटानं दाखवलं, "इथं!" आणि गेला पुढं. पुन्हा तोंड दाखवलं नाही. मागं राहिले त्याचे जखमी, थकलेले शिपाई. त्यांनी माझ्या भिंती घातल्या, घोड्यांच्या पागा बांधल्या. सारखं एकच तोंडी, घरी जायचं, घरी जायचं. मग इथल्याच मुलींशी लग्नं लागली, तंदूरची नान गोड लागू लागली, आणि त्यांचं घर मीच झाले.

पुढं लुटारू आले. आग लावली. लोक भांडी, लेकरं घेऊन गेले ते गेलेच. माणूस निघून गेल्यावर भिंतीला काय होतं, ते भिंतीलाच ठाऊक. माझ्यावर धूळ बसली, धुळीवर गवत आलं, गवतावर मेंढ्या आल्या. माझं नावही कुणाला आठवेना.

इकडच्या शेतकऱ्यांची एक रीत आहे. जुन्या भिंतींची माती खणायची, गाढवावर लादायची आणि खत म्हणून खरबुजांच्या मळ्यात पसरायची. अशी थोडी थोडी मी मळ्यात जात असते. दुखत नाही हो. कुणाच्या तरी उपयोगी पडते, बरं वाटतं.

पण सफर चुकला. भिंतीच्या पायाशी पांढरा थर दिसला, तीच माती कसदार असं त्याला वाटलं. तो होता मिठाचा फुलोरा! गेल्या साली सगळे वेल करपले. यंदाही तो तिथंच खणायला लागला. हेही पीक गेलं तर कुंदूजला वीटभट्टीवर जायचं ठरलं होतं. भट्टीचा मुकादम निरोपावर निरोप धाडत होता. पुन्हा माझ्यावरून माणसं उठून जाणार म्हणून माझा जीव तुटत होता. पण माझं बोलणं त्यांना ऐकू कुठं येतं!

चमनगुलला दिवस गेले होते आणि डोहाळे लागले होते मातीचे. सफरनं खणलेल्या ढिगातला खडा तिनं तोंडात टाकला आणि थुंकला. मग पलीकडच्या उतारावर गेली. तिथं माझ्या पागा होत्या. तिथली काळी माती मात्र चघळत बसली.

बीबीनं बघितलं. "अगं चमन, मेंढीच्या जातीची का तू? हा ढीग सोडून तिकडं काय चरतेस?"

"बीबीजान, हा खारट आहे. तिकडची गोड लागते."

सफर हसला. "आता बायकांनी चाखून दिलेल्या मातीवर शेती करू?"

"गप रे! तुझ्या वेळी मीही हीच टेकडी खाल्ली. म्हणून तर तू असा ढेकूळ निघालास." बीबीनं त्याच्या पाटीतली चिमूट जिभेवर ठेवली. "थू! ह्यात शोरवा शिजवला तर वर मीठ नको. हेच घातलंस होय रे मळ्यात?"

सफरचं तोंड उतरलं. त्यानं पाटी तिथंच उपडी केली आणि गाढव उताराकडं वळवलं.

माझ्या यवनांच्या घोड्यांची लीद ती, किती पिढ्या मुरलेली! ती मळ्यात गेली आणि वेल असे पसरले की बांध दिसेना. चमनगुलला मुलगी झाली त्याच आठवड्यात पहिलं खरबूज फुटलं, वासानं गाव गोळा झालं. बीबीनं फोडी वाटता वाटता मुकादमाच्या माणसाच्याही हातावर एक ठेवली. म्हणाली, "खा बाबा, आणि मालकाला सांग, आम्ही येत नाही."

ऐकलंत ना? ते राहिले! आता तुम्हीही या रे, गाढवं घेऊन या. पागांची माती पुष्कळ आहे अजून, मी काही राखून ठेवणार नाही.