मधला व्हॉल्व

जयवंतरावांनी चहाचा पहिला घोट घेतला आणि तसाच बेसिनमध्ये थुंकला.

"खारट! आशा, चहा खारट आहे!"

आशालताबाईंनी त्यांच्या हातातला कप घेतला, नुसता ओठांना लावला आणि पातेलं ओतून दिलं. मग नळ सोडून थोडं पाणी तळहातावर घेतलं आणि जिभेच्या टोकाने चाखलं. पिण्याच्या टाकीत बोअरिंगचं पाणी शिरलं होतं. शंकाच नव्हती.

"केलं! शेवटी वाटोळं केलंच त्या पोरांनी!" जयवंतराव ओरडले. आवाज रागाचा होता, पण राजीनामा दिल्यापासून त्यांचा चेहरा इतका उजळलेला आशालताबाईंनी पाहिला नव्हता.

"आता येतील बघ, रांग लावून येतील. आणि मी जाणार नाही. त्या सिद्धेशने आधी सगळ्यांसमोर माफी मागायची, मग बघू."

"आणि तोवर लोकांनी प्यायचं काय?"

"सिद्धेशचा मोबाइल प्यायचा!"

सगळा राग त्या मोबाइलचाच होता. बोळिंजमधली ही सोसायटी उभी राहिली तेव्हापासून जयवंतराव तिचे सेक्रेटरी. दिवाळीनंतरच्या मीटिंगमध्ये चौथ्या मजल्यावरचा सिद्धेश मोबाइल हातात धरून उभा राहिला आणि म्हणाला, "काका, पंपरूमचं सगळं फक्त तुमच्या डोक्यात आहे. एकदा दाखवा ना, मी व्हिडिओ काढतो, ग्रुपवर टाकतो. उद्या तुम्ही नसलात तर..." वाक्य पुरं व्हायच्या आत जयवंतरावांनी खुर्ची मागे ढकलली होती. मी नसलो तर म्हणजे काय? मला स्मशानात पोचवूनच आलात का इथे? त्याच तिरमिरीत त्यांनी राजीनामा तोंडावर फेकला. कुणीतरी अडवेल असं त्यांना वाटलं होतं. कुणीही अडवलं नाही. उलट सिद्धेशलाच सेक्रेटरी करून मंडळी वडे खायला उठली. हे वडे जयवंतरावांच्या घशात अजून अडकलेले होते.

पंपरूममध्ये तीन व्हॉल्व होते, तिन्ही सारखेच, गंजलेले. डावा महापालिकेच्या गोड्या पाण्याचा, उजवा बोअरिंगच्या खाऱ्या पाण्याचा. मधला एका उन्हाळ्यात, टँकरसुद्धा मिळेना तेव्हा, जयवंतरावांनी उभं राहून बसवून घेतला होता. तो उघडला की बोअरिंगचं पाणी थेट पिण्याच्या टाकीत. त्या उन्हाळ्यानंतर तो कधीच उघडायचा नव्हता. नावं लिहून ठेवा, असं लोकांनी सुचवलं की जयवंतराव म्हणत, "मी आहे ना." आणि म्हणताना त्यांना बरं वाटत असे. आपल्यावाचून या इमारतीचं पान हलत नाही, यापेक्षा जास्त सुख त्यांना निवृत्तीनंतर कशानेच दिलं नव्हतं.

दिवाळीच्या आधीही एकदा असंच खारं पाणी आलं होतं. तेव्हा त्यांनी फर्डिनंडला, उमेळ्याच्या जुन्या प्लंबरला, साऱ्या सोसायटीसमोर दारुड्या म्हणून हाकलून दिलं होतं.

खालून आरडाओरडा ऐकू येऊ लागला. कुणाची डाळ शिजायला टाकलेली होती, कुणाचं लहान मूल दूध थुंकत होतं. जयवंतराव दिवाणखान्यात दाराकडे तोंड करून बसले. कपडेही त्यांनी बदलले नाहीत. पहाटे फिरून आल्यावर अंगात होता तोच पायजमा, तोच सदरा. बोलावणं आल्यावर सावकाश उठायचं, सावकाश चपला घालायच्या, हे त्यांचं ठरलेलं होतं.

कुणी येईना. लिफ्ट वर गेली, खाली आली, त्यांच्या मजल्यावर थांबली नाही. जयवंतरावांच्या तळपायाची आग मस्तकात जाऊ लागली. एवढा माज? खारं पाणी पितील, पण माझ्या दारात येणार नाहीत?

मग बेल वाजली. ते उठले, मान ताठ केली आणि दार उघडलं. दारात सिद्धेश होता, घामाघूम.

"काका, काकू आहेत?"

"काकू?"

आशालताबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. सिद्धेश त्यांच्याशीच बोलू लागला. "काकू, मधला परत उघडलेला आहे. तुम्ही बांधलेली चिंधी पण गायब आहे. आम्ही बंद करायला घेतलाय, पण टाकी रिकामी करताना कुठून सुरू करायचं ते एकदा बघता का?"

मधला. हा शब्द जयवंतरावांचा होता. तो या इमारतीत दुसऱ्या कुणाच्या तोंडी असायचं कारण नव्हतं.

"याला कुणी सांगितलं मधला म्हणून?"

"मी सांगितलं," आशालताबाई म्हणाल्या.

"काय काय सांगितलंस?"

"सगळं. कुठला कधी उघडायचा, कुठला कधीच नाही."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"इतकी वर्षं जेवायला बसून तुम्ही दुसरं काय बोललात?"

त्या चपला घालून निघाल्यासुद्धा. जयवंतराव अनवाणीच त्यांच्यामागे जिना उतरले. घरातच फितुरी! बायकोने, सख्ख्या बायकोने, आपल्या डोक्यातलं काढून त्या पोराच्या हातात ठेवलं होतं. पायरीपायरीला त्यांचा संताप वाढत होता.

पंपरूममध्ये फर्डिनंड उकिडवा बसून मधला व्हॉल्व आवळत होता. डाव्या व्हॉल्वला हिरवी चिंधी बांधलेली होती, उजव्याला निळी. दोन्ही आशालताबाईंच्या जुन्या साड्यांच्या होत्या. मधल्याला काहीच बांधलेलं नव्हतं.

"हा इथे काय करतोय? याला मी हाकलला होता!"

"मी परत आणला," आशालताबाई म्हणाल्या. "उमेळ्याला त्याच्या घरी जाऊन, हात जोडून."

"हात जोडून! या दारुड्याला!" जयवंतरावांचा आवाज बंद खोलीत घुमला. "अरे, तेव्हाही तूच, आजही तूच! चिंधी सोडलीस आणि भलताच उघडलास. बोल ना! तोंडात जीभ नाही का?"

फर्डिनंडने मान वर केली. "मी आत्ता आलो, साहेब. सिद्धेशने फोन केला तेव्हा. मला कुलूपच लावलेलं दिसलं."

"कुलूप होतं, काका," सिद्धेश हळू आवाजात म्हणाला. "चावी माझ्याकडेच असते."

"मग काय भूत येऊन उघडून गेलं?"

आशालताबाई जयवंतरावांच्या पायजम्याकडे बघत होत्या. गुडघ्यावर गंजाचा तांबूस डाग होता. खोलीत गुदमरायला होत होतं. जयवंतरावांनी कपाळ पुसायला रुमाल हवा म्हणून सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि हातात आली ती लाल चिंधी.

ते चिंधीकडे बघत राहिले. पहाटे जुन्या, कुणाला न दिलेल्या चावीने आपण खाली आलो, हे त्यांना आठवत होतं. या पोरांच्या भरवशावर पाणी सोडून चालणार नाही, म्हणून ते रोजच येत. आपल्या व्हॉल्वला कुणी मूर्खाने बांधलेली चिंधी रागाने सोडली, खिशात कोंबली, हेही आठवत होतं. पण आपण उघडला तो डावा. डावाच. त्यांनी डाव्याकडे पाहिलं. त्याची हिरवी चिंधी जागच्या जागी होती.

दिवाळीच्या आधी, त्या दिवशीही पहाटे ते एकटेच आले होते. फर्डिनंड नंतर आला होता.

त्यांना भयंकर राग आला. तो कुणावर काढावा हे मात्र कळेना. सिद्धेश छताकडे बघत होता, फर्डिनंडने पुन्हा पाना लावला होता. एकानेही त्यांच्याकडे बोट दाखवलं नाही, आणि त्याचाच त्यांना सगळ्यात जास्त राग आला. निदान ओरडा तरी, मेल्यांनो!

आशालताबाईंनी त्यांच्या मुठीतली चिंधी सोडवून घेतली आणि मधल्या व्हॉल्वला पुन्हा बांधली, गाठीवर गाठ मारून.

"कधीपासून कळलंय तुला?" जयवंतरावांनी विचारलं.

"गणपतीत तुम्ही घराचा मजला चुकलात तेव्हापासून."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंत?"

फर्डिनंडने व्हॉल्व पक्का आवळला आणि पाना खाली ठेवला. पाइपातला आवाज थांबला. जयवंतराव सिद्धेशकडे वळले.

"बघतोस काय नुसता? काढ तो मोबाइल!" ते ओरडले. "आधी हे घे, की फर्डिनंडने काही केलेलं नव्हतं, दोन्ही वेळा मीच केलं. टाक ग्रुपवर. आणि मग या व्हॉल्वचा सगळा व्हिडिओ काढ. आत्ता काढ, मला आठवतंय तोवर काढ!"

सिद्धेशने मोबाइल समोर धरला. जयवंतरावांनी घसा खाकरला, एका व्हॉल्ववर हात ठेवला आणि बोलायच्या आधी आशालताबाईंकडे पाहिलं.

त्यांनी मान डोलावली. हाच.